रोज खिशात कोणता चाकू ठेवावा: नखखाचेचा जुना की अंगठ्याने उघडणारा नवा?

कोरीवकाम

रोज खिशात ठेवायला एक घडीचा चाकू घ्यायचा आहे. कामं साधीच: खोकी उघडणं, सुतळी आणि दोरी कापणं, पेन्सिलीला टोक काढणं, अधूनमधून एखादं फळ चिरणं, पार्सलवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या तोडणं.

दोन प्रकारांत मन अडकलंय. एक जुन्या धाटणीचा: लाकडी किंवा हाडाची मूठ, पात्यावर नख अडकवायची खाच, लॉक नाही. दुसरा हल्लीचा, ज्याला टॅक्टिकल म्हणतात तो: अंगठ्याने उघडणारा, लॉक असलेला, खिशाला अडकवायची क्लिप असलेला. पहिल्याचं रूप आवडतं, दुसऱ्याचा भरवसा वाटतो. दिसण्यापलीकडे नेमका फरक काय आणि तो रोजच्या कामात कुठे जाणवतो, हे जाणकारांनी सांगावं.

धारकरी

फरक मुठीत किंवा लॉकमध्ये शोधण्याआधी पात्याच्या जाडीत शोधा. दोन्ही चाकू उघडे ठेवून पाठीच्या बाजूने बघा. जुन्या धाटणीच्या चाकूचं पातं पाठीला दीड ते अडीच मिमी असतं. टॅक्टिकलमध्ये तीन ते चार मिमी सर्रास सापडतं. पण पाठीपेक्षाही महत्त्वाची जाडी म्हणजे धारेच्या लगेच वरची, जिथे धारेचा चकाकता उतार संपतो तिथली. पातळ चाकूत ती ०.३ ते ०.४ मिमी, जाडात ०.७ च्या आसपास किंवा जास्त.

जाड पुठ्ठ्यात पातं घातलं की धार फक्त पहिला मिलिमीटर कापते. त्यापुढे पात्याच्या दोन्ही बाजू पुठ्ठ्याला फाकवत जातात. जाड पातं तिथे पाचरीसारखं अडकतं आणि जोर वाढवावा लागतो. वाढलेला जोर म्हणजे सुटलेला ताबा. दोन्ही चाकूंची धार केस उडवण्याइतकी असली तरी गाजराचा तुकडा पातळ पातं गुपचूप कापतं आणि जाड पातं "टक्" आवाज करून फोडतं. तो आवाज म्हणजे कापणं थांबून चिरफळणं सुरू झाल्याची खूण.

तुमच्या यादीतल्या पाचपैकी चार कामांना पातळ पातं हवं.

लोखंडीचणे

धारकरींशी सहमत. दुकानात मोजपट्टी नसली तर धारेचा उतार किती रुंद दिसतो ते बघा. धारेवरची जाडी ०.७ मिमी आणि कोन दर बाजूला २० अंश असेल तर उतार साधारण १ मिमी रुंद दिसतो. जाडी ०.३५ आणि कोन १५ असेल तर पाऊण मिमीच्याही आत. रुंद, ठसठशीत चकाकणारी पट्टी दिसली की ते पातं धारेपाशी जाड आहे असं समजा.

दारूगोळा

इतकं एकतर्फी नको. लॉक नसलेल्या चाकूने बोटं कापली जातात, हे कोणीच बोलत नाहीये. माझं मत स्पष्ट आहे: लॉक ही सुरक्षेची किमान अट आहे.

पाठकमान

दारूगोळा, मुद्दा रास्त आहे, पण पातं नेमकं कधी मिटतं ते बघू.

जुन्या चाकूत (त्याला स्लिपजॉइंट म्हणतात) पात्याच्या बुडाशी चौकोनी भाग असतो आणि मुठीच्या पाठीत पोलादाची कमान. कमान त्या बुडाच्या सपाट बाजूवर दाबून बसते, म्हणून पातं उघडं राहतं. ते अडकलेलं नसतं, नुसतं दाबलेलं असतं. कापताना जोर धारेकडून येतो आणि तो पात्याला अजून उघडायलाच बघतो. तिथे लॉकची गरजच पडत नाही. पातं मिटतं ते जोर पाठीवर आला की. असे प्रसंग तीन:

टोक खुपसून भोक पाडताना टोक अडखळलं की हात पुढे घसरतो आणि पातं बोटांवर येतं. पातं जाड पुठ्ठ्यात रुतलं आणि वर उचलून काढायला गेलात तर पुठ्ठा पाठीला धरून ठेवतो, मूठ वर येते आणि पातं मिटू लागतं. रुतलेलं पातं घुसलं त्याच रेषेत मागे ओढून काढायचं, वर उचकटायचं नाही. तिसरा प्रसंग पाठीने ठोकण्याचा किंवा खरवडण्याचा, तो टाळणं सोपं आहे.

म्हणजे भोकं पाडायची असतील तर लॉक हवं. नुसतं कापायचं असेल तर नसलं तरी चालतं.

अर्ध्यावर थांबा असलेला स्लिपजॉइंट घ्या. ९० अंशांवर पातं "टक" करून थांबतं. मिटवताना बोटं आधी बाजूला घेता येतात आणि चुकून मिटू लागलं तरी मधे एक विसावा मिळतो. ज्यांच्या बुडाचा कोपरा गोल घासलेला असतो ते चाकू एकाच झोकात मिटतात. हाताला गुळगुळीत लागतात, पण नवख्याला चौकोनी बुडाचाच बरा.

दारूगोळा

उचकटण्याचा मुद्दा पटला. पण थकलेल्या हाताने नेमकं तेच होतं ना? त्यासाठीच लॉक.

पाठकमान

हो, थकवा, ओले हात आणि हातमोजे या तिन्हींत लॉकवाला चाकू सरस. यावर वाद नाही.

सहाणेवर

पण लॉक आहे म्हणजे निर्धास्त, असं नका समजू. मुठीच्या आतला पत्रा पात्यामागे सरकून अडवतो तो लायनर लॉक. आजचं त्याचं रूप चाकू घडवणारे मायकल वॉकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलं. मुठीची बाजूच अडसराचं काम करते तो फ्रेम लॉक, ख्रिस रीव्ह यांचा. दोन्हींत एकच गोष्ट तपासायची: उघडल्यावर पत्रा पात्याच्या बुडावर किती आत गेलाय. बुडाच्या जाडीच्या ३० ते ५० टक्के आत गेलेला चांगला. जेमतेम कडेवर टेकला असेल तर दाबाखाली सटकू शकतो. पार पलीकडच्या बाजूला पोचला असेल तर झीज झालेली आहे.

तपासण्यासाठी पात्याच्या पाठीवर हाताने हळूहळू दाब द्या, बोटं पात्याच्या वाटेत न ठेवता. काही जण पाठ टेबलावर आपटून बघतात. ते करू नका. त्या धक्क्याने चांगलं लॉकही क्षणभर उडू शकतं आणि बुडाची कड चेपते.

लॉक सटकण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे खिशातला कापसाचा मळ. तो पत्र्यामागे साठला की पत्रा पूर्ण आत जात नाही. महिन्यातून एकदा दात कोरायच्या काडीने तो काढा.

डावरा

डावखुऱ्यांसाठी दोन ओळी. नखाची खाच बहुतेक वेळा पात्याच्या डाव्या अंगाला असते, म्हणजे चाकू डाव्या हातात धरून उजव्याने उघडायचा. लायनर लॉकही उजव्या अंगठ्यासाठी बेतलेला. आम्हाला पाठीवरचा लॉक (मुठीच्या पाठीवर दाबून सुटणारा) किंवा आडव्या दांडीचा लॉक (मुठीतून आरपार जाणारी दांडी मागे ओढून सुटणारा) सोयीचा, कारण दोन्ही बाजूंनी सारखेच चालतात. आडव्या दांडीचा लॉक बेंचमेड कंपनीने १९९८ मध्ये ॲक्सिस नावाने आणला. पेटंटची मुदत संपल्यावर आता तो अनेकांकडे मिळतो.

त्याचं दुखणं ठाऊक असू द्या. दांडीला ताण देणाऱ्या दोन बारीक तारेच्या स्प्रिंग असतात, त्या कधी ना कधी तुटतात. एक तुटली तरी दुसरीवर लॉक चालतं, पण दांडी तिरकी आणि सैल लागते. तसं जाणवलं की दोन्ही बदला.

शाईदौत

अवांतर: टॅक्टिकलला मराठीत काय म्हणावं? "लढाऊ" म्हटलं तर खोकी उघडणाऱ्या माणसाला फारच शोभेल.

धारकरी

"एकहाती" म्हणा. काम तेच सांगतं. काळा मुलामा, अर्धी करवती धार आणि छिन्नीसारखं टोक हे वरचे अलंकार. मूळ बदल दोनच होते, क्लिप आणि एका हाताने उघडणं. ते दोन्ही एकत्र करून स्पायडरको कंपनीने १९८१ मध्ये वर्कर नावाचा चाकू आणला. पात्यात गोल भोक, मुठीला क्लिप. त्यात लढाईचा काही संबंध नव्हता. एका हातात दोरी धरली असताना दुसऱ्या हाताने चाकू उघडावा, एवढाच हेतू.

टाचणी

परंपरेवाल्यांनीही लक्षात घ्यावं की खुद्द स्विस सैन्याने २००८ च्या नमुन्यापासून एका हाताने उघडणारं, लॉक होणारं, अर्धं करवती पातं घेतलं. १८९१ पासून चालत आलेली नखाची खाच तिथे सुटली. पण त्यांची गरज हातमोज्यांची आणि दोरांची होती, पेन्सिल आणि फळांची नाही.

कोरीवकाम

भरपूर शिकायला मिळतंय. पोलादाचं काय? नव्या चाकूंवर एस३०व्ही, डी२ अशी नावं वाचतो. जुन्यांवर नुसतं "कार्बन स्टील".

लोखंडीचणे

पोलादात तीन गोष्टी एकमेकींना ओढतात: धार किती टिकते, धार किती सहज लागते आणि गंज किती धरतो.

साधं कार्बन पोलाद, उदाहरणार्थ १०९५, म्हणजे सुमारे ०.९५ टक्के कार्बन आणि क्रोमियम जवळपास नाही. निसण्यावर दहा मिनिटांत धार येते, पण फळाचा रस पुसायचा राहिला तर तासाभरात डाग. तो राखाडी-निळा डाग घातक नाही. उलट पसरला की तोच पात्याचं थोडं रक्षण करतो. लालसर, बोटाला खरखरीत लागणारा गंज मात्र लगेच तेल लावून घासून काढायचा.

१४सी२८एन आणि १२सी२७ ही बारीक कणांची स्टेनलेस पोलादं. धार पटकन लागते, गंज कमी, पातळ पात्यात उत्तम चालतात. रोजच्या वापरासाठी माझी शिफारस हीच.

डी२ मध्ये सुमारे १२ टक्के क्रोमियम असतं, तरी त्याचा मोठा भाग कार्बाइडमध्ये (कार्बनशी जुळून झालेल्या कठीण कणांत) अडकतो, म्हणून ते पुरतं स्टेनलेस नाही. खिशातल्या घामाने ठिपके पडतात.

एस३०व्ही क्रूसिबल या पोलाद कंपनीने २००१ मध्ये आणलं, त्यात ४ टक्के व्हॅनेडियम. पुठ्ठ्यावर धार खूप टिकते. पण व्हॅनेडियमचे कार्बाइड साध्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण असतात, म्हणून त्याला हिऱ्याची पट्टी हवी. साध्या दगडावर तासभर घासून "धारच लागत नाही" म्हणणाऱ्यांची अडचण बहुधा हीच असते.

एक नक्की: चांगलं पोलाद जाड पात्याला पातळ करत नाही. ०.८ मिमीच्या महागड्या पात्यापेक्षा ०.३ मिमीचं साधं पातं सफरचंद नीट चिरतं.

सहाणेवर

धार लावण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण कोणताही चाकू घेतला तरी हे लागणारच.

कोन अंदाजाने धरू नका, मोजा. पात्याची रुंदी २० मिमी असेल तर १५ अंशांसाठी पाठीचा मध्य दगडापासून ५ मिमीपेक्षा किंचित वर, २० अंशांसाठी जेमतेम ७ मिमी. धारेच्या उतारावर मार्कर फासा, दोन हात फिरवा आणि शाई कुठून गेली ते बघा. फक्त वरच्या कडेची गेली तर पाठ फार खाली आहे. फक्त धारेपाशी गेली तर फार वर.

एका बाजूने तोवर घासा जोवर दुसऱ्या बाजूला धारेची बारीक मुरड बोटाला लागत नाही. ही मुरड बुडापासून टोकापर्यंत सलग हवी. मग बाजू बदला. ४०० ते ६०० च्या दगडावर (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) मुरड आणली, १००० वर हलक्या हाताने आळीपाळीने फिरवली की रोजच्या कामाला पुरे. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठीच्या दिशेने ओढा, धारेच्या दिशेने नाही. मुरड पूर्ण गेली नाही तर पहिल्या चार कापांत चाकू वस्तऱ्यासारखा वाटतो आणि पाचव्याला बोथट. लोक दोष पोलादाला देतात, दोष राहिलेल्या मुरडीचा असतो.

पाठकमान

स्लिपजॉइंटला धार लावताना एक जागा जपा. पात्याच्या बुडाशी, धारेच्या बाजूला एक लहानसा उंचवटा असतो. मिटल्यावर तो कमानीवर टेकतो आणि त्यामुळे धार आत अधांतरी राहते. दगडावर तो उंचवटा घासला गेला की पातं मुठीत खोल बसू लागतं आणि दर मिटण्याला धार कमानीवर आपटते. धारेच्या मधोमध एकाच जागी सतत बोथटपणा येत असेल तर कारण हेच. उजेडासमोर मिटलेला चाकू धरून आत बघा, धार आणि कमान यांत फट दिसायला हवी. आणि पातं कधीही "खट्कन" सोडून मिटवू नका, शेवटपर्यंत बोटाने नेऊन बसवा.

निळीसुतळी

ओपिनेलचं नाव अजून कुणी काढलं नाही! लाकडी मूठ, पातळ पातं आणि वर लॉकही. १८९० पासूनचा चाकू. १९५५ मध्ये त्याला फिरती कडी आली. कडी फिरवली की उघडं पातं मिटत नाही. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. दारूगोळांचं लॉक आणि धारकरींची पातळ धार एकाच जागी.

दारूगोळा

हे मान्य. पण एका हाताने उघडत नाही आणि ओल्या हवेत लाकूड फुगून पातं आवळतं. नख तुटतं पण पातं हलत नाही.

निळीसुतळी

फुगतं, खरं आहे. लाकूड ओलावा पिऊन आडवं वाढतं आणि मुठीतली खाच, जिच्यात पातं मिटतं, ती दोन्ही बाजूंनी पात्याला धरते. अशा वेळी नखाने झगडू नका. मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटलं की पात्याचं टोक बोटात धरण्याइतकं वर येतं. कायमचा उपाय असा: दोन दिवस कोरड्या जागी सुकवा, मग खाचेत आणि मुठीवर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, दिवसभर वाळू द्या, असं तीन-चार वेळा. तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेली चिंधी पेट घेऊ शकते. तरीही आवळत असेल तर २२० चा पॉलिश कागद दुमडून खिळीजवळच्या (पातं जिच्यावर फिरतं तिच्या) खाचेत चार वेळा फिरवा. जास्त नको, नाहीतर कोरड्या हवेत पातं डगमगेल.

डावरा

एकहातीचंही पातं डगमगतं, फक्त तिथे स्क्रू असतो. डावी-उजवीकडे हलत असेल तर खिळीचा स्क्रू, बहुधा टी६ किंवा टी८ (तारेच्या आकाराच्या खाचेचा), एकअष्टमांश फेरा आवळा. पातं मधोमध राहतंय ना आणि मोकळं फिरतंय ना, दर वेळी बघा. स्क्रू परत सैल होत असेल तर तो काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेल पुसा आणि आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या डिंकाचा) टाचणीच्या डोक्याएवढा थेंब द्या. लाल वापरू नका, तो तापवल्याशिवाय सुटत नाही आणि स्क्रूचं डोकं झिजतं. थेंब वॉशरवर गेला तर चाकू जाम.

पातं वर-खाली हलत असेल तर तो दोष लॉकचा. स्क्रू आवळून तो जात नाही.

टाचणी

क्लिपबद्दल: खिशात पात्याचं टोक वरच्या बाजूला ठेवणारी क्लिप असेल तर पातं बंद राहण्याचा जोर तपासा. मिटलेला चाकू उलटा धरून मनगटाने झटका द्या. पातं किंचितही बाहेर आलं तर तो चाकू खिशात नको. खिशात अर्धवट उघडलेल्या पात्यावर हात जातो, ही एकहातीतली सगळ्यात वाईट दुखापत.

शाईदौत

आणि कायदा! ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय बाळगता येतो तो लॉक नसलेला, घडीचा, ३ इंचांपर्यंत धारेचा चाकू. जर्मनीत एका हाताने उघडणारा आणि लॉक होणारा चाकू सबळ कारणाशिवाय बाळगता येत नाही. म्हणजे वरचा सगळा वाद काही ठिकाणी कायद्यानेच मिटवलाय. आपण राहतो आणि जातो तिथला नियम आधी वाचा. विमानात हातातल्या सामानात तर कोणताच नको.

कोरीवकाम

सगळ्यांचे आभार. यादी परत वाचली. माझ्या बहुतेक कामांत दोन्ही हात मोकळे असतात. हातमोजे नाहीत. भोक पाडायचं काम मात्र अधूनमधून निघतं, पट्ट्यात किंवा पुठ्ठ्यात. एकट्या त्या कामासाठी लॉकवाला घ्यावा का?

धारकरी

नाही. त्यासाठी आरी (भोक पाडायचा टोकदार सुळा) असलेला चाकू घ्या. व्हिक्टोरिनॉक्सचा पायोनियर बघा: ९३ मिमी, ॲल्युमिनियमची मूठ, एक पातं, दोन पेचकस आणि आरी. पेचकस असला की पात्याने काही उचकटायचा मोह होत नाही आणि टोकं तुटतात ती त्याच मोहाने. त्याचं पोलाद कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास, म्हणजे मऊच. धार लवकर जाईल, पण पाच मिनिटांत परत येईल. आरीलाही लॉक नाही, तेव्हा दाबू नका. मनगटाने फिरवत, थोडी थोडी आत जाऊ द्या.

दारूगोळा

तुमच्या कामांसाठी हेच योग्य, मीही हेच सुचवीन. प्लॅस्टिकची पट्टी तोडताना मात्र धार पट्टीखाली घालून स्वतःपासून दूर ओढा आणि तोंड बाजूला ठेवा. ताणलेली पट्टी तुटली की चाबकासारखी उडते.

पाठकमान

नवा चाकू आला की आधी सांध्यावर खाद्य दर्जाच्या खनिज तेलाचा एक थेंब टाका आणि दहा-पंधरा वेळा उघडमीट करा. काळपट तेल बाहेर येईल. तो कारखान्यातल्या घासाईचा राहिलेला चुरा. पुसा, परत थेंब टाका, तेल स्वच्छ येईपर्यंत. तो चुरा आत राहिला तर सांधा घासत राहतो आणि फळाला काळे डागही पडतात.